टाके माझे, कळा तिच्या

अंगात येणं, करणी, नजर लागणं... असलं काही आमच्या घरात कधी चाललं नाही. आम्ही बौद्ध. माझ्या वडिलांनी तर एका बाबाने दिलेली अंगाऱ्याची पुडी त्याच्यासमोरच नालीत टाकली होती. त्यात मी फार्मासिस्ट. साकोलीला हायवेच्या बाजूला एका मेडिकलमध्ये सात वर्षांपासून काउंटरवर उभी असते. कोणती गोळी किती वेळात लागू पडते आणि तिचा असर कधी उतरतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. म्हणूनच हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. कारण जे घडलं ते गोळ्यांच्याच बाबतीत घडलं, आणि मला त्याचा अर्थ लागत नाही.

आधी पहिल्या बाळंतपणाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. त्यामुळे पहिल्या वेळी मी सासरी, करडीला होते. माझ्या सासूबाईंना गावात मान आहे. शिकलेल्या दाई नाहीत त्या, पण पूर्वी कुणाची सून अडली की यांना बोलावणं यायचं. "अर्ध्या गावाची पोट्टी माझ्या हातानं झाली," हे वाक्य लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच मी चारदा ऐकलं होतं. त्यांच्या घरची सून दवाखान्यात जाणार, हे त्यांना पटणंच शक्य नव्हतं.

सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारी पाणी गेलं आणि ते हिरवट होतं. याचा अर्थ मला माहीत होता. मी ओरडून सांगितलं, "आई, पाणी हिरवं आहे, बाळाला त्रास होऊन राहिला, गाडी बोलवा."

"घाबरू नोको," त्या म्हणाल्या. "थोड्या कळा सोस. डॉक्टर लोकं पोट फाडाले टपूनच राह्यतात."

नवरा, अमोल, लाइनमन आहे. त्या दिवशी वादळाने तारा पडल्या होत्या, तो ड्यूटीवर होता. मी त्याला फोन लावला. तो उचलत नाही तोच सासूबाईंनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि म्हणाल्या, "सगळं बरोबर हाये. तू आपलं काम कर." आणि फोन बंद केला.

संध्याकाळी मला भंडाऱ्याला नेलं. तातडीने सिझर झालं. मुलगी होती. जिवंत नव्हती.

मी शुद्धीवर येईपर्यंत तिला गावी नेऊन पुरलंही होतं. कुठे, ते मला कुणी सांगितलं नाही. "कायले विचारतं, त्रास होईन तुले," एवढंच उत्तर. आणि गावभर सासूबाईंनी सांगितलं — सुनेच्यानं कळा सोसवल्या नाहीत. फोन हातातून काढून घेतल्याचं मी अमोलला शंभरदा सांगितलं. तो म्हणायचा, "तू बेशुद्ध व्हायच्या बेतात होती. आई असं कायले करन?" सासूबाई म्हणायच्या, फोन मीच त्यांच्या हाती दिला, आणि हिरवं पाणी तेव्हा नव्हतंच.

दोन वर्षं मी त्या बाईच्या पाया पडले, तिच्या हातचं जेवले, आणि रोज तिचं वाईट चिंतलं. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी स्पष्ट सांगितलं — साकोलीतच राहीन आणि सिझर आधीपासून ठरवूनच होईल. जुन्या टाक्यावर कळा नकोत, असं डॉक्टर मॅडमचंही मत पडलं. तारीख ठरली. पण घरात बाई माणूस कुणी नाही म्हणून अमोलने आईला बोलावून घेतलं. मला न विचारता.

ऑपरेशनच्या दिवशी सगळं शांतपणे झालं. आदल्या रात्रीपासून उपाशी. सकाळी सलाइन, लघवीची नळी, हिरवा गाऊन. भूलतज्ज्ञांनी टेबलावर बसवून पाठ वाकवायला सांगितली. कमरेत सुई गेली, पाय गरम झाले आणि मग माझे राहिलेच नाहीत. डोळ्यांसमोर हिरवा पडदा. पोटात कुणीतरी कपाट आवरत असल्यासारखी ओढाताण, पण दुखणं शून्य.

तिथे पडल्या पडल्या कोणतीही आई म्हणेल, माझं बाळ नीट येऊ दे. मी ते म्हटलं नाही. मी म्हटलं — या ऑपरेशनचं सगळं दुखणं माझ्या सासूला जाऊ दे. सगळं. एक कळही मला नको.

मी ते मोठ्याने बोलले असणार, कारण भूलतज्ज्ञांनी वाकून विचारलं, "काही होतंय का?"

तेवढ्यात बाळ रडलं. मुलगा. दणदणीत आवाज.

भूल उतरते तेव्हा कसं दुखतं, हे मला मागच्या वेळचं चांगलं आठवत होतं. चारच्या सुमारास पायाची बोटं हलली. मी दात आवळून वाट पाहत बसले. खोलीत खिडकीजवळ सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या एकदम वाकल्या. "उई माय वं!" बाळ हातातून सुटणार होतं, अमोलने धरलं.

गॅस असेल म्हणाले सगळे. मला इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासाने त्यांचंही थांबलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नळी काढली. सिस्टर म्हणाल्या, "पहिल्यांदा उभं राहताना जीव जाईल, ओरडलात तरी चालेल." मी पलंगाखाली पाय सोडले आणि सरळ उभी राहिले. काहीच नाही! टाक्यांवर ओढ जाणवली, पण दुखलं नाही. बाहेर पॅसेजमध्ये धाडकन आवाज आला. सासूबाई चहाचा थर्मास घेऊन येत होत्या, त्या खाली बसल्या होत्या. ओटीपोट दोन्ही हातांनी दाबून. चहा सगळा फरशीवर.

मॅडमनी त्यांना तपासलं. सोनोग्राफी केली. ना अपेंडिक्स, ना खडा, ना गाठ. आयुष्यात कधी पोटाचं ऑपरेशन नाही.

मग मला शिंक आली. शिंकताना टाक्यांवर उशी दाबायची असते, ती मी विसरले. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाहून सासूबाईंची किंकाळी ऐकू आली.

मी उशी बाजूला ठेवली आणि मुद्दाम खोकले. पुन्हा किंकाळी.

त्या क्षणी मला भीती वाटायला हवी होती ना? मला हसू आलं. आणि हसल्यावर पोट हलतंच...

पाचव्या दिवशी घरी आलो. तोवर मी सगळं तपासून पाहिलं होतं, माझा धंदाच तो. सासूबाई स्वतः दुखण्याची गोळी घ्यायच्या, उपयोग शून्य. मी बाथरूममध्ये जाऊन, त्यांना दिसणार नाही अशी, गोळी घेतली की पंचवीस-तीस मिनिटांत त्यांचा चेहरा सैल पडायचा. दोनदा घेतली. दोन्ही वेळा तेच.

मग मी गोळी घेणं बंद केलं.

अँटिबायोटिक घेत होते, दुखण्याची तेवढी नाही. मुद्दाम उठत-बसत होते. जिना दोनदा चढले. बाळाला पाजताना कूस बदलायची ती झटक्यात. सासूबाई भिंतीला धरून, अर्ध्या वाकून चालायच्या. गावी जाते म्हणाल्या, पण एसटीच्या स्टँडपर्यंतही जाता येईना. आठव्या दिवशी माझे टाके काढले तेव्हा त्या दवाखान्याच्या बाकावर रडत होत्या.

त्यांना कधी समजलं ठाऊक नाही. पण त्या दुपारी अमोल जेवत होता आणि त्या माझ्या पलंगापाशी येऊन खाली बसल्या.

"तू गोळी घे ना, माय," त्या म्हणाल्या.

अमोल म्हणाला, "तुले दुखते, अन् गोळी ती काहून घेईन?"

मी पाकिटातून गोळी काढली, तळहातावर ठेवली.

"थोड्या कळा सोसा ना, आई."

"मरून जाईन मी."

"मरत नाही कोणी. माझी पोरगी मेली. मले सांगा, कुठं ठेवलं तिले? आणि माझ्या हातातून फोन कोणी घेतला होता, तेही सांगा. अमोलसमोर."

त्या पलंगाची कड धरून उठायला लागल्या. मी खोकले. एकदाच.

"मीच घेतला फोन," त्या ओरडल्या. "सगळं बरोबर हाये म्हणून मीच सांगतलं! हिरवं पाणी मले दिसलं होतं. पण दवाखान्यात नेली असती त लोकं का म्हनले असते? मले वाटलं, होईन... होईन म्हनूनच थांबली मी." मग हळू आवाजात, "तलावाच्या पाळीवर हाये ते. मोहाच्या झाडाखाली. लय केस होते वं तिले. माझ्या लुगड्यात गुंडाळलं मी."

अमोलचा घास हातातच राहिला. तो ताटावरून उठला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. दोन वर्षं मला खोटं ठरवणारा माणूस... त्याच्याकडे पाहून मला जे समाधान झालं, ते मुलगा झाला तेव्हाही झालं नव्हतं.

मी गोळी घेतली. सासूबाई माझ्या पलंगाजवळ जमिनीवरच झोपून गेल्या.

संध्याकाळची गोळी मात्र मी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीचीही नाही.

बाविसाव्या दिवशी आम्ही करडीला गेलो. मॅडम रागावल्या, पण मला थांबायचं नव्हतं. धानाची कापणी संपत आली होती. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चढायला बैलवाट होती. पुढे सासूबाई वाकून चालत होत्या, मागे मी, अमोलकडे बाळ. त्यांनी झाडाखालची जागा बोटाने दाखवली. तिथे काही नव्हतं. गवत आणि सुकलेली पानं.

मी खाली बसले, जमिनीला हात लावला, आणि दुखणं आलं. बाविसाव्या दिवसाचं नव्हतं ते, पहिल्या दिवसाचं होतं. पोट आरपार चिरल्यासारखं. मी तिथेच आडवी झाले आणि ओरडले. दोन वर्षांत अशी कधी ओरडले नव्हते. डोळे उघडले तर सासूबाई समोर ताठ उभ्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ताठ. त्यांनी हात पुढे केला. "ऊठ, माय."

मी मोहाच्या बुंध्याला धरून उठले.

त्यानंतर त्यांना पुन्हा कधी दुखलं नाही. मला आणखी दहा-बारा दिवस दुखलं, मग गेलं.

डॉक्टर मॅडमना नंतर मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, सासूबाईंच्या मनात अपराधाची भावना असेल, त्यातून शरीर असं वागू शकतं. असेलही. पण मग न दिसता घेतलेल्या गोळीचं काय? आणि तीन आठवडे मला का दुखलं नाही? अमोल हा विषय काढत नाही. सासूबाई करडीलाच असतात. आम्ही गेलो की नातवाला मांडीवर घेतात, माझ्याकडे बघत नाहीत.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा. फक्त 'आता माफ करून टाक' असं लिहू नका. त्या टेबलावर पुन्हा झोपवलं तर मी काय मागेन, हे मला पक्कं माहीत आहे.