सोबतच्या माणसानं बाहेर बसावं

संक्रांतीच्या आधीचा मंगळवार. जळकोटच्या पुढं, मावशीच्या गावातलं आरोग्य उपकेंद्र… आणि तिथल्या सिस्टरनं मला चक्क खोलीबाहेर काढलं.

तिथं का गेले ते आधी सांगते. मावशीच्या सुनेचा, सविताचा, मला नांदेडला फोन आला होता. आवाज अगदी हळू. "ताई, आमच्या सासूबाईंची पाळी जाऊन बारा वर्षं झाली. अन् आता परत अंगावर जाऊन राहिलंय. कपडे लपवून धुतात. मला काहीच बोलत न्हाईत. तुम्ही या."

फोन ठेवला आणि बॅग भरायला घेतली. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली ती… सहा वर्षांपूर्वी, लातूरच्या दवाखान्यात. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

अहमदपूरला एसटी बदलून गावी पोचले. मावशी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला बघून आधी आनंद, मग लगेच संशय. "सवीनं बोलावलं ना तुला? चुगलखोर हाय ती! मला काय धाड भरलीय? गुडघे दुखतात, बस."

घाबरली होती ती. दवाखान्यात गेलं की पिशवीच काढून टाकतात, ही आमच्याकडच्या बायकांची धास्ती. आणि ती उगाच नाही… प्रत्येक गल्लीत पिशवी काढलेली एखादी बाई आहे.

शेवटी गुडघ्यांच्या नावाखाली तिला उपकेंद्रात नेलं. दोन खोल्या, बाहेर बाक. डॉक्टर तिथं नसतात, नर्सिंग शिकलेली सिस्टरच बायकांचं सगळं बघते, गोळ्या देते, गरज पडली तर पुढं पाठवते. ही बिलोलीकडची, वय फार तर तिशीचं.

तिनं मावशीच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि विचारलं, "काय त्रास होतोय?" मावशीनं तोंड उघडायच्या आत मी सुरू. गुडघे, भूक, झोप, वय… बातमीदारीत तीस वर्षं गेली, मुद्देसूद सांगायची सवय. खरी गोष्ट मात्र कशी काढावी ते कळेना, म्हणून पुन्हा गुडघ्यांवर आले.

"ताई, पट्टा यांना बांधलाय का तुम्हाला?" सिस्टर म्हणाली. दाराशी बसलेल्या बायका खिदळल्या. मग तिनं शांतपणे सांगितलं, "इथं सोबतचं माणूस आत बसत न्हाई. लेक असो, सून असो, नवरा असो. तुम्ही बाहेर बसा."

खरं सांगते, राग आला. एवढ्या लांबून आले ती बाकावर बसायला? शेजारची बाई सरकून जागा देत म्हणाली, "बसा बाई. माझ्या सासूला बी असंच हाकललं होतं. दोन दिवस फुगून होती."

दार लागलं. पाच मिनिटं… पंधरा… अर्धा तास.

बसल्या बसल्या मला लातूर आठवत राहिलं. डॉक्टरांसमोर आई मधे, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी. प्रश्न आईला, उत्तरं आमची. पेशंटला एकटं सोडणं म्हणजे माया नसणं, असंच आम्ही समजत आलो…

मावशी बाहेर आली ती डोळे पुसतच. हातात लातूरला दाखवायची चिठ्ठी. "काय सांगितलंस गं?" मी विचारलं. "तुला काय करायचंय?" म्हणाली आणि चपला घालायला लागली. मागून सिस्टर आली. "सोमवारी लातूरला जायला तयार झाल्यात त्या. यांना विचारल्याशिवाय कुणी काही काढणार न्हाई, असं मी सांगितलंय. तुम्ही पण लक्षात ठेवा."

घरी पायी परतताना मावशी मधेच थांबली.

"तुझी आई मला बोलली होती गं, अंगावर जातंय म्हणून. पोरगी जराशी बाजूला झाली की डॉक्टरला सांगते म्हणायची. लेकीसमोर, नवऱ्यासमोर कसं बोलू, म्हणायची. दर खेपेला मी फोनवर विचारायचे, सांगितलंस का? तर म्हणायची, कशाचं… ती माझा हातच सोडत न्हाई."

मावशीनं माझा दंड धरला. "लई जीव होता तुझा. हे बी म्हणायची ती."

पुढचं थोडक्यात सांगते. लातूरला तपासण्या झाल्या, तुकडा काढून तपासायला पाठवला. आजार तोच निघाला… पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टरांनी नीट समजावल्यावर ऑपरेशनला मावशी स्वतःच हो म्हणाली. परवा ते व्यवस्थित पार पडलं. आज तर चहात साखर कमी पडली म्हणून सविताला चार शब्द ऐकवून झाले!

हे सगळं तिला विचारूनच लिहितेय. "लिही," म्हणाली, "बायांना कळू दे. पण गावाचं नाव घालू नको."

सिस्टरचे आभार मानायला फोन केला. तिच्याकडे बायका बसल्या होत्या, घाईत होती. "त्या जेवायला लागल्या का?" एवढंच विचारलं आणि ठेवला. असं माणूस प्रत्येक गावाला मिळो…

आत्ता इथं वॉर्डात मावशी झोपलीय आणि मी शेजारी बसलेय. झोपेत ती थेट आईसारखी दिसते, तसाच एक हात कपाळावर.

आईला लातूरला नेलं, हैदराबादला नेलं, महिनोन् महिने उशाशी बसले. तिला एकटीला अर्धा तास मिळवून द्यायचं तेवढं राहून गेलं…