कैरी भाजल्याचा वास
शेजारी कुणीतरी पन्ह्यासाठी कैरी भाजतंय आणि तो वास खिडकीतून आत आलाय. असाच वास मला एकदा कोंडाणे लेण्यांजवळच्या आमच्या गावच्या स्मशानात आला होता. सगळं गाव आंब्यावर जगणारं. चैत्रात कर्जतच्या बाजाराला टेंपो भरून कैरी जायची, आणि फळावर आलेल्या झाडाला कुऱ्हाड लावणं म्हणजे आमच्याकडे पापच. त्या चैत्रात काका गेले. सरणाला आंब्याचं लाकूड लागतं, म्हणून माणसं एखादं वठलेलं झाड शोधायला निघाली, तेवढ्यात काकू ओटीवरून उठली आणि दारातल्या, कैऱ्यांनी लगडलेल्या आंब्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यो तोडा. त्यांनीच लावलाय, त्यांच्यासंगं जाऊ दे. एक कैरी काढाल तर बघा." माणसांनी कुऱ्हाडी उचलल्या. सुक्या लाकडांवर त्या ओल्या फांद्या पाल्यासकट, कैऱ्यांसकट चढल्या. जाळ धरला तशा कैऱ्या फटाफट फुटू लागल्या आणि हा वास सगळीकडे पसरला. मी हबकलो. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. वर पाहिलं, तर समोर उभ्या माणसांच्या गळ्याच्या घाट्या वरखाली होत होत्या. नुकताच अग्नी देऊन मागे सरलेला काकांचा मुलगा माझ्या कानाशी आला, "तुझ्याबी तोंडाला पाणी सुटलं काय रं?" मला बोलता येईना, तोंड भरलं होतं. आता उठून मी खिडकी लावून घेतली, आणि आवंढा गिळला.