रुकय्याचा एकच शब्द

कमलिनी मोहरील यांनी तेहतीस वर्षं दुर्गजवळच्या पोलाद कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. समोरच्यानं घाईत अर्धंच नाव सांगितलं, भट्टीच्या घरघरीत आवाज बुडाला, बोलणारा तेलुगू वा पंजाबी निघाला, तरी फोन लावून दिल्याशिवाय त्यांनी कधी लाईन सोडली नाही. निवृत्तीनंतर त्या स्मृति नगरच्या घरात राहायला आल्या. पुढे यजमान गेले, मुलगा पीयूष पुण्याला नोकरीला लागला. बाईंचा हट्टी स्वभाव मात्र होता तिथेच होता.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बावीस वर्षं रुकय्या बसली. माहेर अकोल्याकडचं बाळापूर, त्यामुळे वऱ्हाडी फर्डी बोलायची. घर कॅम्प-१ या कामगार वस्तीत. दोघींनी एकमेकींचे डबे खाल्ले, एकमेकींची बाळंतपणं पाहिली. म्हातारपणी रुकय्या नंदिनी नगरला मुलाकडे गेली. मुलगा मुजीब तिथल्या चुनखडीच्या खाणीत नोकरीला. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. उरला एकच शब्द: जियारत.

पाणी हवं असलं तरी जियारत, कूस बदलायची असली तरी जियारत. मुजीबला वाटलं, अम्मीला दर्ग्याला जायचंय. जियारत म्हणजे तीर्थाला जाणं, एवढं त्याला ठाऊक होतं. गाडी करून त्यानं तिला नागपूरला ताजबागला नेलं, चादर चढवली. परतीच्या वाटेवर ती पुन्हा तेच म्हणाली, आणि डावा हात गाडीच्या दारावर आपटत राहिली. डॉक्टर म्हणाले, अशा रोग्याच्या तोंडी एखादा शब्द अडकून बसतो, त्याला अर्थ नसतो.

"अर्थ कसा नसंल?" कमलिनीबाई मुजीबला म्हणाल्या. "शब्द येऊन राहिला, म्हणजे मागं कोणी तरी बोलून राहिलं ना? ऐकू नीट येत नाही, हा आपला दोष."

"मावशी, हमने सब करके देख लिया."

"तू केलंस. आता मी करतो."

दुसऱ्याच दिवशी त्या कॅम्प-१ ला गेल्या. तिथे एक वृद्ध मौलवी मुलांना अरबी शिकवत. बाईंनी चष्मा पुसून वही उघडली आणि विचारलं, हा शब्द आला कुठून? मौलवीसाहेबांनी फळ्यावर तीन अक्षरं काढली. अरबीत या धातूचा मूळ अर्थ भेटायला जाणं. जो भेटायला जातो तो जायर, जिथे जायचं ती जागा मजार. "मजार तो आप मराठी में भी बोलते हैं," ते म्हणाले. संतांच्या कबरीला लोक भेटायला जाऊ लागले आणि शब्दाला तीर्थाचा रंग चढला. तो फारसीत गेला, तिथून उर्दूत आला. काश्मीरात तर दर्ग्यालाच जियारत म्हणतात.

बाईंना एवढ्यानं चैन पडेना. त्यांनी जुन्या ओळखींना फोन लावायला घेतले. एक मल्याळी ऑपरेटर म्हणाली, कोळिकोडला आमचे शेजारी सियारत म्हणायचे, कबरीवर जाऊन दुआ करण्याला. एका बंगाली फोरमननं तोच अर्थ सांगितला. त्याचा जावई इंडोनेशियाला जाऊन आलेला, तिथेही लोक सणाच्या आधी आईबापांच्या कबरीवर जियारा करायला जातात. वहीची पानं भरत चालली, पण रुकय्याच्या तोंडचा अर्थ काही हाती येईना. तिच्या आईबापाच्या कबरी बाळापूरला. तेच असेल का? बाईंनी तिला विचारलं. रुकय्यानं मान फिरवली.

मग गल्लीतले धनंजय हरकरे भेटले, कारखान्यातले निवृत्त इंजिनियर. कामासाठी तुर्कस्तानला गेले असताना पोट बिघडून तिथल्या दवाखान्यात पडले होते.

"फाटकावर पाटी होती, जियारेतच्या वेळा," ते म्हणाले. "मले वाटलं, आत दर्गा आहे. मागून समजलं, रोग्याले भेटायची वेळ. तिकडं शेजाऱ्याकडं चहाले गेलं तरी जियारेतच."

कमलिनीबाई रस्त्यातच थांबल्या. मौलवीसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलेली गोष्ट होती ही. भेटायला जाणं. आपण तीर्थाच्या मागे धावत सुटलो आणि साधा अर्थ मागेच टाकला.

त्या गुरुवारी बसनं नंदिनी नगरला जाऊन त्या रुकय्याच्या खाटेशी बसल्या.

"तुले कोणाले भेटायचं हाये का?"

रुकय्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. डाव्या हातानं तिनं बाईंचं मनगट धरलं ते सोडेना.

कोणाला, हे ती सांगू शकत नव्हती. लिहायचा हात गेला होता. मग बाईंनी आपल्या धंद्यातली रीत वापरली: एकेक नाव घ्यायचं. नातलग झाले, कॅम्पातल्या शेजारणी झाल्या. तीन गुरुवार गेले. सून कंटाळली, मुजीब म्हणाला, "रहने दो, मावशी." बाई चौथ्या गुरुवारी एक्स्चेंजमधल्या बायकांची नावं घेऊन आल्या. भागीरथा. हर्षा. तारा.

ताराच्या नावाला रुकय्यानं हात दाबला.

तारा मेश्राम त्यांच्याबरोबर सहा वर्षं होती, मग अचानक तिची बदली झाली. आता ती डोंगरगडला राहत होती. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी येत नाही."

"कावून?"

"एका साहेबाचा बाप मरणाच्या दारात होता, त्याचा निरोप पोचला नाही. निरोप घेतला होता रुकय्यानं. विसरली ती, अन् नाव माझं सांगितलं. मले एक्स्चेंजमधून काढून फायली लावायले बसवलं. चोवीस वर्षं झाली."

कमलिनीबाईंना हे ठाऊक नव्हतं. जिच्यासाठी वणवण केली तिचाच त्यांना राग आला. तरी लाईन त्यांनी सोडली नाही.

"तारा, तिले माफ कर म्हणायले मी फोन नाही केला. मी असतो तर माझ्याच्यानं झालं नसतं. पण ती एक वर्षापासून तुलेच हाक मारून राहिली, अन् आमाले समजत नव्हतं. एवढं तुले कळावं, म्हणून सांगितलं."

ताराने फोन ठेवला. बाईंनी आठवड्याने पुन्हा लावला. नंतर पुन्हा. चौथ्या वेळी तारा म्हणाली, "गाडी कितीची पोचते दुर्गला?"

तारा आली. खुर्ची ओढून खाटेपासून जरा लांबच बसली. रुकय्यानं तिच्याकडे बघून तोच शब्द उच्चारला, दोनदा, मग डावा हात कसाबसा कपाळाशी नेला. तारा म्हणाली, "मले तेव्हा फार रडू आलं होतं, रुकय्या. हे तुले सांगायचं राहिलं होतं." आणि खुर्ची पुढे सरकवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पण दिवाळीनंतर ती पुन्हा आली, बोरं घेऊन.

रुकय्याची वाचा परतली नाही. हात आपटणं तेवढं थांबलं. मुजीबनं घराच्या पायऱ्या फोडून उतार करून घेतला, म्हणजे चाकाची खुर्ची अंगणात नेता येते. रुकय्याच्या भाषेतला शब्द पुन्हा चुकू नये, म्हणून कमलिनीबाई सदुसष्टाव्या वर्षी तिच्या सुनेकडे उर्दू अक्षरं गिरवतात. पहिल्या महिन्यात त्यांना जेमतेम सात आली. सून म्हणाली, इस उमर में मुश्किल है. बाईंनी नवी वही आणली.