आठ कोपऱ्यांचा पिंजरा

आमच्या घरात बाबांना समजल्याशिवाय काही होत नसे. ते प्राथमिक शाळेत मास्तर. ताकाची रवी घ्यायची तरी तिची परीक्षा व्हायची. बालाघाटच्या कॉलेजातून बी. एस्सी. होऊन मी एम. एस्सी.साठी नागपूरचं नाव काढलं, तेव्हा अट पडली, "तिथं काय शिकणार, ते मले समजावून सांग. मंग जाय."

माझंच मला धड समजलं नव्हतं. आमच्या सरांनी एका रेणूबद्दल सांगितलं होतं. आठ कोपऱ्यांत आठ कार्बन, प्रत्येकाला एकेक हायड्रोजन, असा चौकोनी पिंजरा. कार्बनचे हात ऐसपैस पसरायला बघतात, इथे ते काटकोनात दाबलेले. असलं काही बनणारच नाही असं जाणकार म्हणत होते, आणि परदेशात कुणीतरी बनवलंही. तेव्हापासून तो पिंजरा डोक्यातून जाईना.

मी चिकणमातीचे आठ गोळे केले, कार्बनच्या नेहमीच्या ऐसपैस कोनात भोकं पाडून वाळवले आणि ओल्या बांबूच्या कमच्या वाकवून त्यांत बसवल्या. एक कोपरा बसला की दुसरा निखळे. शेवटी चिडून सगळ्याला धागा गुंडाळला आणि जेवणाआधी बाबांसमोर ठेवला.

"धागा काढ," बाबा म्हणाले.

काढला. कमच्या सटकल्या, एक गोळा थेट वरणात. आई काय बोलली ते लिहीत नाही.

"खऱ्यातल्याले धागा कोन बांधते?"

"कोनीच नाही."

"मंग ते काहून नाही फुटत?"

मला रडूच आलं. नागपूर गेलंच, असं वाटलं. बाबांनी गोळे वेचून माझ्यापुढे ठेवले.

"जाय, विचारून ये. समजलं की मले सांगजो."

हा होकार होता की शिक्षा, हे मला गाडीत बसल्यावरही कळेना.

दर सुट्टीला दारातच प्रश्न, "समजलं?" मी म्हणे, नाही. खरंच नव्हतं समजलं. तिथले सर फळाभर लिहीत आणि माझा गुंता वाढे. दुसऱ्या वर्षी कुठे उलगडलं. ताण आहेच, पण मोडायचं तर आधी याहून जास्त ताणातून जावं लागतं. सोपी वाट कुठूनच नाही, म्हणून ते टिकतं. कधी एकदा बाबांना सांगते असं झालं होतं.

घरी आले तर ओसरीवर वारासिवनीचे पाहुणे, मला बघायला आलेले. बाबांनी त्यांच्यासमोरच विचारलं, "समजलं का वं?"

मी पाहुण्यांकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

"अजून नाही, बाबा."

"मंग परत जाय," ते म्हणाले, आणि पाहुण्यांपुढे चहा सरकवला.