तांदळावरचं नाव आणि विमानतळाची खिडकी

मस्कतमधल्या दार्सैतच्या आमच्या घरी मी शुक्रवारी पाच-सहा मुलांना मराठी शिकवते. परवा एक मुलगी म्हणाली, "आंटी, इमिग्रेशनच्या हिस्ट्रीचा प्रोजेक्ट आहे. तुम्ही मस्कतला कसे आले?" मी धडा बाजूला ठेवला.

बाळांनो, तेव्हा व्हिसा मोबाईलवर येत नसे. आपल्या हातात नुसती झेरॉक्स. मूळ कागद इथलं माणूस आधीच विमानतळावर जमा करायचं. उतरल्यावर एका खिडकीत गठ्ठ्यातून तो शोधून देत आणि पुढच्या खिडकीत शिक्का मारत. कागद जुळला नाही, तर आल्या विमानाने परत.

माझा कागद सापडला, पण त्यावर दुसरंच नाव! लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात ना, नवरोबांनी हौसेने तेच अर्जात भरलं होतं. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. झेरॉक्स सासरी सगळ्यांनी वाचली होती, मीसुद्धा. कुणालाच काही खटकलं नाही. घरात तेच तर नाव होतं! आता मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ये औरत तुम नहीं है. वापस जाओ," खिडकीतला पोलीस म्हणाला.

"नंबर देखो," मी म्हटलं. पासपोर्टचा नंबर दोन्हीकडे एकच होता.

त्याने बाकाकडे बोट दाखवलं. मी बसले नाही. विमान परत फिरायला तासभर होता. इथून हलायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. खिडकी रिकामी झाली की मी पुढे व्हायची आणि नंबरावर बोट ठेवायची. चौथ्यांदा त्याने एकेक आकडा ताडून पाहिला आणि साहेबाला बोलावलं.

साहेबाने दोन्ही कागद पाहिले. "एक ही नाम रहेगा. कौन सा?"

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. लग्नातही नाही. मी पासपोर्टातलं नाव मोठ्याने वाचलं.

"खलास, हो गया," म्हणत त्याने कागदावर दुरुस्ती केली, सही केली. शिक्का बसला.

बाहेर नवरा ताटकळत उभा होता. मला पाहताच त्याने तांदळावरच्या नावाने हाक मारली.

"अहो," मी म्हटलं, "त्या नावाच्या बाईला त्यांनी आत सोडलं नाही. मी आलेय."