तायडेच्या टेपवरची हळद

तायडेची नोकरी मी खाल्ली.

आज सकाळी तो तिवस्यात वारला. हार्ट अटॅक. ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर सगळे 'हसतमुख तायडे' लिहितायत. त्यातल्या तिघांनी त्याच्याविरुद्ध सही केली होती.

चौथी सही माझी. मी त्याची साहेब होते.

अमरावतीच्या आमच्या कृषी ऑफिसात सात सर्व्हर होते. ते व्हर्च्युअल करून एकाच मशीनवर आणले. आम्ही पेढे वाटले. तायडे एकटाच काळजीत.

"म्याडम, आधी एक बिघडला तर सहा वाचत. आता सातही एकाच पेटीत हायेत."

मग माझं डोकं खाऊन खाऊन त्याने टेप बॅकअप बसवला, म्हणजे सगळ्या माहितीची नक्कल टेपवर. दर शनिवारी ताजी भरलेली टेप डब्याच्या पिशवीत घालून एसटीने अकोल्याच्या ऑफिसात ठेवून यायचा. टेप चारच. महिना झाला की पुन्हा त्याच वापरायच्या.

त्या सर्व्हरवर शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या. बियाणं उगवलंच नाही म्हणून. पंचनामे, मोकळ्या वावरांचे फोटो. वऱ्हाडात माणसं जीव देत होती आणि पुरावा आमच्याकडे होता.

खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. ताट माझ्या घरचं. फूल ठेवायला जागा दिसेना, म्हणून मी टेप घालायच्या फटीतच झेंडू खोचला. वरून हळदकुंकू.

तायडे हळू आवाजात म्हणाला, "तिथं नोका टाकू जी. आत पूड गेली का टेप खराब होते."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्यात नसन पूजा, आमच्यात असते. सरक बाजूले."

दोघं-तिघं हसले.

दुसऱ्या दिवशी त्याने मशीन तपासून घ्या, असा अर्ज दिला. मी तो फायलीखाली दाबला. सही केली असती तर माझीच चूक कबूल झाली असती.

दिवाळीनंतर ते मशीन बसलं. सातही सर्व्हर गेले. अकोल्याहून टेप आणल्या. एकही वाचता येईना; पूजेनंतर चारही त्याच फटीतून गेल्या होत्या.

मशीन उघडलं तर आत पिवळी पूड. चौकशीत विचारलं, ही कुठून आली?

तायडे समोर बसला होता. मी म्हटलं, "माहीत नाही. देखभाल त्याच्याकडे होती." पूजेचा प्रसाद खाल्लेल्या तिघांनी माझ्याबरोबर त्या जबाबावर सही केली.

कंत्राटी माणूस. दोन ओळींच्या पत्रात गेला. तक्रारी 'पुराव्याअभावी' बंद झाल्या.

काही वर्षांनी नागपूरहून येताना तिवस्यात थांबले. तो कॉम्प्युटर क्लास चालवत होता. खुर्ची पुसून दिली. मी विचारलं, तेव्हा बोलला का नाहीस?

"काय बोलतो जी? म्हनले असते, तायडे पूजेवर जळून राहिला."

मी चहा पिऊन निघाले. तेव्हाही माफी मागितली नाही.

हे वाचून कोणी मला मोठ्या मनाची म्हणू नका. तो मेल्यावर लिहितेय.

तू आम्हाला रोज नमस्कार म्हणायचास, आमच्या सोयीसाठी. इतक्या वर्षांत मी तुला तुझ्या पद्धतीने एकदाही म्हटलं नाही.

जय भीम, तायडे.