खाली रोड

स्टेशनजवळून नवा लिंक रोड निघाला तेव्हा आमच्या कॉलनीत पेढे वाटले होते. मीही खाल्ले. दारावरून जाणारा जुना रोड म्हणजे दिवसभर हॉर्नचा कल्ला. फोनवर बोलायचं तर मागच्या खोलीत जावं लागे. नवा रोड सुरू झाला आणि ट्रक, डंपर, बस, सगळे तिकडे वळले. पहिले काही दिवस मी नुसतं फाटकात उभं राहून सुख भोगलं. मग लक्षात आलं, ऑटोही गेले. सवारी जिकडे, ऑटो तिकडे. पूर्वी दारातून हात केला की सदर बाजार, हात केला की स्टेशन. आता हात करायला रोडवर होतं कोण? चार कुत्री आणि एक गाय.

आमचे हे फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. राहिलो आम्ही दोघं, आणि अंगणात कव्हर घालून ठेवलेली स्कूटी. भाजी शेजारीण जाईल तेव्हा तिच्याकडून, औषधं समोरच्या भैयाकडून. माणसं चांगली, कोणी नाही म्हणत नव्हतं. पण बारीकसारीक गोष्टीसाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं म्हणजे काय, ते ज्याला बघावं लागतं त्यालाच कळतं. एकदा शेजारणीनं मेथी आणली आणि मला पालक पाहिजे होता. तेवढ्यावरून मी स्वयंपाकघरात रडले. पालकासाठी कोणी रडतं का? मी रडले.

त्याच दिवशी यांना सांगितलं, मी स्कूटी शिकते. हे म्हणाले, आता या वयात काहून हातपाय मोडून घेते? समोरची वहिनी हसून म्हणाली, साठी बुद्धी नाठी. झालं. मला कोणी नाही म्हटलं की माझ्या अंगात येतं, हे या दोघांना इतक्या वर्षांत कळायला नको होतं का?

आणि रोड खाली होता ना. एकदम खाली. आमची जबलपूरची मराठी मूळची नागपूरकडची, त्यात चहुकडून हिंदी, म्हणून आमच्याकडे रिकाम्याला खालीच म्हणतात. डबा खाली, घर खाली, रोड खाली. ज्या नव्या रोडनं माझे ऑटो पळवले, त्यानंच मला शिकायला अख्खा जुना रोड मोकळा करून दिला. रोज सकाळी मी स्कूटीवर आणि हे फाटकात खुर्ची टाकून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्यांना धड दिसत नव्हतं, पण आवाजावरून ओरडायचे, रेस जास्त देऊन राहिली, ब्रेक दाब. मी म्हणायची, तुम्ही चूप बसा. एकदा गायीला वाचवायला गेले आणि नालीत उतरले. गाय जागची हलली नाही. गुडघा फुटला, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. हळूहळू जमलं. लायसन्सही काढलं. हे कौतुक करतील तर शपथ, पण एक अट मात्र घातली, की लिंक रोडवर जायचं नाही. मी लगेच कबूल केलं. खरं सांगते, त्या रोडच्या डंपरांची मलाच धास्ती होती.

अशात पुण्याहून ताईचा फोन आला की ती राहायला येते. ताई माझी मोठी बहीण, लग्न झाल्यापासून पुण्यात. तिच्या मते मी अजून शेंबडी. मी यांना सांगून टाकलं, ताईला स्टेशनावरून मी आणणार, एकटी, स्कूटीवर. हे म्हणाले, कोणाला तरी सांगू, उगाच जिद्द करू नको. पण मला पाहून घ्यायचं होतं. हे जमलं तर मी कुठंही जाईन, आणि नाही जमलं तर जन्मभर शेजारणीची मेथी खाईन. ताईला फोन केला, स्टेशनासमोर फार गर्दी असते, तू बाहेर पड आणि आमच्या खाली रोडच्या तोंडाशी थांब, मी घ्यायला येते. ती बरं म्हणाली.

ताई यायची त्या दुपारी मी जुन्या रोडनं थाटात गेले. रोडच्या तोंडाशी ताई नाही. गाडी तर केव्हाच येऊन गेलेली. फोन लावला.

"अगं, केव्हाची खाली उभी आहे मी," ताई कडाडली.

"मी पण खालीच आहे. तू दिसत काहून नाही?"

तेवढ्यात फोनमध्ये प्रचंड धडधड झाली. ती थांबली तेव्हा ताई म्हणाली, "ऐकलंस? आत्ता डोक्यावरून रेल्वे गेली."

आता कुठं माझ्या ध्यानात आलं. पुण्याच्या मराठीत खाली म्हणजे खालचा! ताईनं हमालाला चांगलं हिंदी करून विचारलं होतं, नीचेवाली सड़क कौन सी? त्या बिचाऱ्यानं सामान उचललं आणि तिला नेऊन उभी केली लिंक रोडवर, जिथं तो रुळांखालून अंडरब्रिजमधून जातो. हमाल परत गेला. ताईचे गुडघे दुखरे, जवळ दोन बॅगा, वर चढायला फुटपाथ नाही, आणि त्या उतारावर ऑटोवाला काही थांबत नाही.

आता जायचं तर लिंक रोडनंच. मी लिंक रोडला वळायच्या मोडावर येऊन उभी राहिले. गाड्यांची रांग तुटेचना. वाटलं, यांना फोन करावा, कोणाला तरी पाठवा म्हणावं. हात पर्सकडे गेलासुद्धा. तेवढ्यात मागून एक ई-रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, चलना हो तो चलो, नहीं तो किनारे हो जाओ."

अम्मा? मी? मेल्याला दाढी पिकलेली, आणि मी त्याची अम्मा? शेंडी तुटो की पारंबी, मी रेस दिली आणि घुसले.

पहिला डंपर बाजूनं गेला तेव्हा डोळ्यांत धूळ आणि तोंडात देवाचं नाव. पण स्कूटी सरळ चालत होती. आणि मजा म्हणजे, मी मधे होते तरी जग थांबलं नव्हतं. कोणी हॉर्न देत होतं, कोणी वळसा घालून जात होतं, जसं सगळ्यांचं चालतं तसं. उतार आला. ब्रेक धरत धरत पुलाखाली पोहोचले. ताई भिंतीला चिकटून, नाकाला पदर लावून उभी.

ती माझ्या मागे बघत राहिली. कोणीतरी मला घेऊन आलं असेल, असं तिला वाटत होतं. मग म्हणाली, तू चालवलीस? मी म्हटलं, बस आधी, भांडण घरी करू. एक बॅग पायाशी, एक तिच्या मांडीवर. ताईनं माझी कंबर अशी धरली की श्वास घेणं मुश्कील. चढावर मागच्या बसनं हॉर्नचा सपाटा लावला. वाजव म्हटलं, तुझ्या बापाचा रोड आहे का. आणि चढले. वर आल्यावर मागे वळून जुना रोड धरता आला असता, पण मी धरला नाही. लिंक रोडनंच थेट कॉलनीच्या दुसऱ्या टोकाला निघाले. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण ताईनं अजूनच घट्ट धरलं असतं.

हे फाटकात उभे होते, तोंड जुन्या रोडकडे. स्कूटीचा आवाज उलट्या बाजूनं आला तसे गर्रकन वळले. इकडून काहून आली, त्यांनी विचारलं. मी पायाशी ठेवलेली बॅग उचलली. त्यांना कळलं. त्यांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि आत जाऊन स्वतः चहा टाकला.

संध्याकाळी ताईच्या मुलाचा फोन आला. तिकडे ऑटो मिळत नाहीत म्हणे, फिरायला गाडी बुक करून देऊ का, म्हणत होता. ताई नको म्हणाली. फोन ठेवला, जरा घुटमळली, आणि कधी नव्हे त्या मऊ आवाजात मला म्हणाली, "उद्या मला सदरला नेशील का गं?"

मी आनंदानं नुसती फुलून गेले होते, पण दाखवते कशाला?

"नेते," मी म्हटलं. "पण सकाळी लवकर तयार राहा. मी कोणासाठी थांबत नाही."